कुड्यांचं झाड

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "दहा मिनिटं बोल. तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल, मुलांनाही उपयोग होईल." मी हो म्हटलं. पण आज मी त्यावर बोलणार नाही, याबद्दल आधीच माफी मागते. मी एका झाडाबद्दल बोलणार आहे. ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे आणि निम्म्या मुलींनी तर कानात घातलेलं आहे.

आता आठवलं? पाण्याच्या टाकीमागचं, कुंपणावर पसरलेलं, फिक्या निळ्या फुलांचं झुडूप. मधल्या सुट्टीत आम्ही त्याची फुलं तोडायचो. फुलाच्या खालची हिरवी नळी चिकट असायची, ती कानाच्या पाळीला लावली की फूल तिथेच चिकटून राहायचं. घंटा झाली की वर्गात शिरताना एकमेकींच्या कानांवरून ती काढून टाकायची, कारण पहिला तास गणिताचा असायचा आणि सरांना ते चालायचं नाही. आम्ही त्याला "कुड्यांचं झाड" म्हणायचो. खरं नाव कोणी विचारलंही नाही.

मला वाटतं, त्याच्याकडे नीट पाहायला सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि ती आज समोर बसली आहे. नववीत जीवशास्त्राच्या बाईंनी पानांची चित्रं काढायला सांगितली होती. मी या झुडपाची फांदी आणली, कारण ती टाकीजवळ होती आणि मला लांब जायचा कंटाळा होता. चित्र छान काढलं, रंग भरले. वही परत आली तेव्हा पानाच्या बुडाशी लाल शाईचा गोल आणि शेजारी लिहिलेलं : "कान कुठे गेले?" मला काही कळलं नाही. पानाला कसले कान? मैत्रिणींना दाखवलं, आम्ही खूप हसलो. विचारायला मात्र गेले नाही. बाई, त्याचं उत्तर द्यायला मला तीस वर्षं लागली.

पुढे शाळेला पक्की भिंत झाली आणि कुंपणाबरोबर झुडूपही गेलं. भिंतीचं काम चाललं होतं तेव्हा आपल्या शिपाई मामांनी तोडलेल्या फांद्या बाजूला ठेवल्या होत्या. माझी आई तिथून जात होती, तिने दोन फांद्या उचलून परसात खोचल्या. एक लागली. त्याच झाडाची फांदी मी नंतर पुण्याला माझ्या गॅलरीत नेली. इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पुढची नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेत तशीच निळी फुलं पाहिली. कुंडीवर पाटी होती : "चित्रक". मला मोठा आनंद झाला. आईला फोन करून सांगितलं, "आई, आपलं ते कुड्यांचं झाड म्हणजे चित्रक. औषधी असतो बरं का!" एवढंच बोलले आणि विसरून गेले. आई विसरली नाही. तिचे गुडघे दुखत होते. चित्रकाचं मूळ वातावर चालतं हे तिने लहानपणी ऐकलेलं. तिने परसातल्या झाडाचं मूळ खणलं, उगाळून लेप केला आणि रात्री गुडघ्याला बांधून झोपली. सकाळी फडकं सोडलं तर गुडघाभर फोड आले होते, भाजल्यासारखे.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता : "कोणतं झाड होतं?" भावाने मला फोन केला. मी फोटो मागवला आणि मोबाइलमधल्या ॲपला दाखवला. ॲपने तीन नावं दिली, आणि सगळ्यात वर होतं फ्लॉक्स. मी ते नाव डॉक्टरांना सांगणारच होते. मग मनात आलं, फ्लॉक्स आपण थंडीत लावतो तो एका हंगामात संपतो. आणि हे तर पंचवीस वर्षांचं लाकूड झालेलं झुडूप! मी आईला म्हटलं, "फुलाच्या खालच्या हिरव्या नळीला बोट लावून बघ, चिकटतं का?" दुखण्यातही ती म्हणाली, "चिकटतं तर काय! तूच नाही का कानात घालायचीस?"

एवढ्यावर कुळ नक्की झालं. त्या हिरव्या नळीवर, म्हणजे निदलपुंजावर, टाचणीसारखे बारीक चिकट केस असतात. ही प्लंबॅगो या प्रजातीची खूण आहे. या झाडांच्या मुळांत प्लंबॅजिन नावाचं पिवळं, दाहक द्रव्य असतं आणि त्याने कातडीला फोड येतात. डॉक्टरांना तेवढं पुरलं. आईचा गुडघा बरा व्हायला तीन आठवडे लागले. डाग अजून आहे. त्या डागाकडे पाहिलं की मला रोपवाटिकेची पाटी आठवत नाही, माझा फोन आठवतो.

त्यानंतर मी ते झाड खऱ्या अर्थाने ओळखायला बसले. ते कसं ओळखायचं हे आज तुम्हाला सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या सोसायटीत ते असणार.

आपल्या रानात मिळतो तो औषधी चित्रक म्हणजे प्लंबॅगो झेलानिका. त्याची फुलं पांढरी आणि लहान, नळी दोनेक सेंटिमीटरची, आणि ती लांब तुऱ्यावर विरळ लागतात. लाल फुलांचा चित्रक वेगळा, तो प्लंबॅगो इंडिका. आपलं शाळेतलं झाड या दोघांचं भावंड. ते मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, तिथे पूर्व केप आणि क्वाझुलु-नाताल भागात झुडपांत आपोआप वाढतं. त्याची फुलं फिकी निळी, नळी तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब आणि बारीक, टोकाला पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या मधोमध गडद रेघ. फुलांचा गुच्छ आखूड आणि भरगच्च.

आता कोणी म्हणेल, मग सोपं आहे, निळा तो बागेतला आणि पांढरा तो औषधी. तसं नाही. बागेतल्या जातीतही पांढऱ्या फुलांचा प्रकार मिळतो. म्हणून रंगावर जाऊ नका. भिंग घ्या आणि हिरवी नळी पाहा. बागेतल्या झाडाला चिकट केस नळीच्या वरच्या भागात असतात, औषधी चित्रकाला ते खालपासून वरपर्यंत असतात. आणि फुलाची लांबी मोजा. एकाच खुणेवर निकाल देऊ नका, दोन-तीन जुळू द्या.

आणि एक लक्षात ठेवा. आईने खरा चित्रक लावला असता तरी फोड आलेच असते. वैद्य चित्रकाचं मूळ चुन्याच्या निवळीत शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. नाव बरोबर कळलं म्हणजे झाड वापरता आलं असं नव्हे. त्यामुळे यातलं कुठलंही मूळ घरच्या घरी उगाळून लावू नका, पोटात घेणं तर दूरच.

आता नावाचं. आपल्या झाडाला दोन शास्त्रीय नावं आहेत. 1786 मध्ये लामार्कने त्याला प्लंबॅगो ऑरिक्युलाटा म्हटलं. 1794 मध्ये थुनबर्गने त्यालाच केपवरून प्लंबॅगो कॅपेन्सिस म्हटलं. नियमाप्रमाणे आधीचं नाव ग्राह्य, पण रोपवाटिकांत दुसरंही अजून चालतं. आमच्या कामात एकाच ग्राहकाची दोन खाती उघडली गेली की जो घोळ होतो, तोच हा. प्लंबम म्हणजे लॅटिनमध्ये शिसं. आणि ऑरिक्युलाटा म्हणजे? मी शब्दकोशात पाहिलं आणि खुर्चीतच बसून राहिले. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेलं.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी टॉर्च घेऊन गॅलरीत गेले आणि पानं उलटीसुलटी करून पाहू लागले. पानाच्या बुडाशी, देठ फांदीला मिळतो तिथे, दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखे इवलेसे हिरवे पंख होते. कान! सगळ्या पानांना नसतात, म्हणून दहा-बारा पानं पाहावी लागतात. चित्रकालाही ते कधी कधी दिसतात, तेव्हा एकट्या कानांवर विसंबू नये. पण ते होते. नववीत माझ्या हातातल्या फांदीवरही होते. मी पाहिले नव्हते, बाईंनी पाहिले होते. आम्ही ते फूल कानात घालून फिरलो आणि त्याचे कान काही आम्हाला दिसले नाहीत.

पाहायची सवय लागल्यावर बाकीचंही दिसू लागलं. पानाच्या मागे पांढरी भुकटी असते. मी दोन वर्षं ती भुरी समजून औषध फवारत होते. ती बुरशी नाही. पानावरच्या सूक्ष्म ग्रंथी चुन्याचे क्षार बाहेर टाकतात, त्याचा तो थर. पुसायचीही गरज नाही. तसंच, काही कळ्या कुरतडलेल्या दिसल्या तर लगेच कीटकनाशक आणू नका. झेब्रा ब्लू नावाच्या छोट्या फुलपाखराची अळी याच कळ्या-फुलांवर वाढते. त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला झेब्र्यासारखे पट्टे असतात. चार कळ्या जातात आणि फुलपाखरू मिळतं, हा सौदा वाईट नाही.

लावायचं कसं, ते थोडक्यात. हे बहुवर्षायू झुडूप आहे, एकदा जीव धरला की वर्षानुवर्षं राहतं. ऊन मात्र दिवसाचे पाच-सहा तास हवं, सावलीत नुसतीच पानं येतात. कुंडी निदान बारा इंची, माती, वाळू आणि शेणखत मिसळून, तळाला भोकं मोकळी. वरची माती सुकली की पाणी. पाणी साचलं तर मुळं कुजतात. नत्राचं खत जास्त घालू नका, झाड हिरवंगार होतं आणि फुलं रुसतात. आणि छाटायला घाबरू नका. फूल नव्या फुटीच्या टोकालाच येतं. बहर ओसरला की गुच्छाखालून छाटा, थंडी सरली की एकदा चांगलं निम्म्यावर आणा. माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा रडू यायचं राहिलं होतं, पण दीड-दोन महिन्यांत झाड पुन्हा भरलं.

रोप करायचं ते फांदीपासून. फूल नसलेली, अर्धवट जून झालेली चार-पाच इंचांची फांदी घ्या, खालची पानं काढा, ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचून सावलीत ठेवा. पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. बी का नको? कारण माझ्या झाडाला आजवर एकही बी धरलेलं नाही. या जातीत दोन तऱ्हेची झाडं असतात. एकात स्त्रीकेसर लांब आणि पुंकेसर आखूड, दुसऱ्यात उलट. बी धरायला दोन्ही तऱ्हांची झाडं जवळ लागतात. फांदीपासून केलेली सगळी झाडं मात्र एकाच तऱ्हेची, कारण खरं तर ती सगळी मिळून एकच झाड असतं.

हे वाचलं तेव्हा मला टाकीमागचं झुडूप आठवलं. आपण समजत होतो ते भिंतीखाली गेलं. आईच्या परसात आहे ते त्याचं पिल्लू नाही, तेच आहे. माझ्या गॅलरीतही तेच आहे.

म्हणून यंदाच्या पावसाळ्यात मी आणि आईने मिळून चाळीस फांद्या लावल्या. छत्तीस लागल्या. बाहेर मंडपाच्या डाव्या हाताला, काळ्या पिशव्यांत आहेत. प्रत्येकाने एक घेऊन जा. प्रत्येक पिशवीला आईच्या आग्रहाने एक चिठ्ठी बांधली आहे : "निळा प्लंबॅगो. शोभेचं झाड. मूळ औषधाला वापरू नये." पाटी कशी असावी, हे आमच्या घरात आता आईला सगळ्यात चांगलं कळतं.

मुख्याध्यापकांनी टाकीजवळ जागा दिली आहे. जेवणाआधी तिथे एक रोप लावायचं आहे. बाई, ते तुमच्या हातून लागावं अशी विनंती आहे. आणि मी नववीतलं ते चित्र पुन्हा काढून आणलंय. या वेळी कान काढलेत. तपासून द्याल?