भग्न वास्तूतील वास



पडक्या देवालयात किंवा जुन्या दफनभूमीत पाऊल टाकताच मनुष्याचा आवाज आपोआप खाली येतो. तेथे कोणी त्यास दटावलेले नसते. कोणी म्हणतात, त्या दगडांत पूर्वीची शक्ती अद्याप साठून राहिली आहे. कोणी त्याला मनाचा खेळ म्हणून हसतात. दोन्ही उत्तरे घाईची होत.

गोव्यातील दिवाडी बेटाचेच पाहावे. जुन्या गोव्याहून मांडवी ओलांडली की हे बेट लागते. तेथील नार्वे गावी कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटीश्वर नांदत होते. त्या राजांनी आपल्या सुवर्णनाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा अभिमानाने उल्लेख केला आहे. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी देवालय मोडले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पुढे १५६० च्या सुमारास पोर्तुगीज अमलात ते पुनश्च पाडले गेले. लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावण्यात आले, असे सांगतात. भाविकांनी ते तेथून गुप्तपणे काढून नदीपार डिचोलीच्या बाजूस नेले. ज्या गावी नेले त्यासही नार्वे हेच नाव आहे. तेथील देवालयाच्या उभारणीस शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १६६८ साली, शिवरायांच्या आज्ञेने प्रारंभ झाला, असे द्वारावरील शिलालेख सांगतो. २०२३ मध्ये याच वास्तूचे नूतनीकरण पूर्ण झाले.

देव तर नदीपलीकडे गेला. मग दिवाडीत मागे काय राहिले? पायऱ्यांची जुनी तळी राहिली, आणि काही दगड.

येथे शास्त्राचा विचार केला पाहिजे. जीर्णोद्धाराच्या वेळी मूर्तीतील देवतातत्त्व कलशात आवाहन करून घेतात, आणि मग जीर्ण मूर्तीचे विसर्जन होते. विधीने तत्त्व काढून घेतल्यावर दगड हा दगडच. दिवाडीस मात्र या विधीला अवसर कोठला? देवास हलविताना मंत्र म्हणण्याइतकी उसंत ज्यांना मिळाली नाही, त्यांनी त्या जागेचा निरोपही घेतला नसेल. निरोप न घेता सोडलेले घर आणि रीतसर सोडलेले घर यांत फरक असतो, हे कोणत्याही गृहस्थास ठाऊक आहे.

याच बेटावर, पिएदाद येथील टेकडीवर, चर्चलगत एक दफनभूमी आहे. तीमधील लहानशा प्रार्थनागृहाचे कोरीव छत कदंबकालीन देवालयाचे असल्याचे अभ्यासक मानतात. त्या छताच्या सभोवती निजलेले लोक बाहेरून आलेले नव्हेत. त्यांतील अनेकांचे पूर्वज त्याच देवालयाच्या घंटा ऐकत वाढलेले असणार. तेथे उभे राहून एका बाजूचे पूर्वज आपले व दुसऱ्या बाजूचे परके, अशी वाटणी करणाऱ्यास त्या भूमीचे काहीच कळले नाही, असे म्हणावे लागते.

आता शक्तीविषयी. एखाद्या अनोळखी प्रवाशास पडका गोठा दाखवून हे प्राचीन मंदिर म्हणून सांगावे. त्याच्याही अंगावर रोमांच उभे राहतील! उलट खरी तळी न सांगता दाखविली, तर तो तीत हातपाय धुऊन पुढे जाईल. म्हणजे हा अनुभव नुसत्या दगडातून येत नाही. पण म्हणून तो खोटाही ठरत नाही. हिंगाचा डबा रिकामा झाला तरी त्याचा वास उरतो, आणि तो हिंग जाणणाऱ्यासच ओळखू येतो. संस्कृतात वासना म्हणजे मनावरील पूर्वसंस्कार; चित्तात मागे रेंगाळणारा तो वासच होय. तो जागेत आणि जाणणाऱ्यात, दोहोंत मिळून असतो. जाणणारे संपले की जागाही मुकी होते. म्हणूनच शिलालेख कोणाचा, तळी कोणाची, हे मुलांना सांगत राहणे हे पूजेहून कमी मोलाचे काम नव्हे.

दिवाडीस अजून ते घडते आहे. गोकुळाष्टमीस दोन्ही नार्व्यांमधल्या पाण्यात स्नानासाठी माणसे येतात. देवालय नाही, मूर्ती नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या तीच तिथी आणि तेच पाणी.