दिवाळे, न्यायासन आणि काळ



‘दिवाळे’ या शब्दाविषयी एक जुनी समजूत सांगण्यात येते. पेढीवरच्या ज्या सावकाराला देणी भागवणे अशक्य होई, तो म्हणे भर दिवसा दारात दिवा लावून ठेवी आणि त्यावरून धनकोंनी काय ते ओळखावे. भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती मान्य करोत वा न करोत, तिच्यातील अर्थ मोलाचा आहे. तो दिवा ही एक जाहीर कबुली होती. देणे फिटत नाही ही गोष्ट झाकून न ठेवता वेळीच उघड करणे, हे दिवाळखोरीच्या कोणत्याही कायद्याचे पहिले पाऊल होय. आपल्या देशात हे पाऊल फार उशिरा पडत राहिले. ते का, आणि ते लवकर पडावे म्हणून काय करण्यात आले, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम मूळ प्रश्न पाहू. ऋणको एक आणि धनको अनेक असले, आणि मालमत्ता सर्वांना पुरणारी नसली, म्हणजे ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ असा प्रकार होतो. जो आधी धावतो तो यंत्रे उचलून नेतो. जो विश्वासाने थांबतो त्याच्या हाती काहीच लागत नाही. या लुटालुटीत चालू शकणारा कारखानाही बंद पडतो. सर्वांनी क्षणभर थांबावे, हिशेब मांडावा, धंदा जगण्याजोगा असल्यास जगवावा, नसल्यास उरलेल्याची न्याय्य वाटणी करावी, यासाठी कायदा लागतो. आणि तो अंमलात आणण्यासाठी न्यायासन लागते.

कायदे आपल्याकडे नव्हते असे नाही. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि उर्वरित भागासाठी १९२० चा, असे नादारीचे दोन कायदे ब्रिटिश अमदानीत झाले. ते व्यक्तींसाठी होते. कंपन्या मोडीत काढण्याचे काम १९५६ च्या कंपनी कायद्यान्वये उच्च न्यायालयांकडे होते. पुढे १९८५ मध्ये आजारी उद्योगांसाठी वेगळा कायदा झाला आणि १९८७ पासून त्याखालील मंडळ काम पाहू लागले. हेतू स्तुत्य होता. पण कंपनीचे सारे भांडवल तोट्यात वाहून गेल्यावर ती ‘आजारी’ ठरे, म्हणजे वैद्याला बोलावणे जाई ते रोग्याची नाडी मंदावल्यावर. शिवाय प्रकरण मंडळापुढे असेतो वसुलीचे दावे थांबत, आणि कारभार त्याच व्यवस्थापनाच्या हाती राही. साहजिकच अनेकांना हे रुग्णालय म्हणजे सुरक्षित आश्रयस्थान वाटू लागले. ‘बैल गेला नि झोपा केला’ ही म्हण या व्यवस्थेला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडेल. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने जो काळ पाहिला, त्यात न मिळालेल्या थकबाकीची वाट पाहण्यात किती घरांची उमेद खर्ची पडली, हे मराठी श्रोत्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

बँकांच्या वसुलीसाठी १९९३ मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणे आली. २००२ च्या कायद्याने तारणावर थेट ताबा घेण्याचा अधिकार त्यांना मिळाला. पण त्यामुळे एकाच कारखान्यावर चार कायदे आणि चार ठिकाणची न्यायासने असा पेच उभा राहिला. एकाने हुकूम द्यावा, दुसऱ्याने स्थगिती. हा गुंता सोडवण्यासाठी टी. के. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने नोव्हेंबर २०१५ मध्ये आपला अहवाल दिला, आणि मे २०१६ मध्ये संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली. कंपन्यांविषयीच्या तिच्या तरतुदी त्याच वर्षी १ डिसेंबरपासून अंमलात आल्या.

या संहितेची रचना समजण्यास कठीण नाही. देणे थकले की धनको राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे अर्ज करतो. अर्ज दाखल करून घेतला की वसुलीचे सर्व दावे स्थगित होतात, संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि एक परवानाधारक व्यावसायिक कारभार हाती घेतो. कर्ज देणाऱ्यांची समिती बसते. पुनरुज्जीवनाची योजना मंजूर होण्यासाठी मताधिक्य लागते ६६ टक्क्यांचे. मुदत १८० दिवसांची, वाढवून २७०. २०१९ च्या दुरुस्तीने कोर्टकचेरीचा काळ धरून ३३० दिवसांची सीमा घातली. ज्याने कंपनी बुडवली त्यानेच ती मागल्या दाराने स्वस्तात परत घेऊ नये, म्हणून २०१७ मध्ये अपात्रतेचे कलम आले. २०१८ मध्ये घरासाठी आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाही वित्तीय धनकोंचे स्थान मिळाले.

याचा परिणाम झाला नाही असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट केले की, देणी न फेडणाऱ्या व्यवस्थापनाला आता खुर्ची धरून बसता येणार नाही. धनको दुर्बळ आणि ऋणको निर्धास्त हे जुने चित्र पालटले. एस्सार स्टीलसारखा प्रचंड पोलाद कारखाना नव्या मालकांकडे चालू स्थितीत गेला. कारखाना हातचा जाईल या धाकाने कित्येक कर्जदार आधीच देणी भागवू लागले. मात्र योजना मंजूर झालेल्या प्रकरणांत धनकोंच्या पदरी त्यांच्या दाव्यांचा सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास भाग पडला, हेही विसरता येत नाही.

पण कायद्याच्या पुस्तकातील मुदत आणि न्यायालयाच्या दारातील मुदत यांत अंतर पडले. थकबाकी खरी आहे की नाही हे चौदा दिवसांत पाहावे असे संहिता सांगते; प्रत्यक्षात त्या एका प्रश्नावर महिने जातात. एस्सार स्टीलचे प्रकरण ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला नोव्हेंबर २०१९ मध्ये. जेट एअरवेजचे प्रकरण जून २०१९ मध्ये मुंबईत दाखल झाले. पुनरुज्जीवनाची योजना मंजूर होऊनही विमाने उडाली नाहीत, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश झाला. भूषण पॉवर अँड स्टीलच्या बाबतीत तर अंमलात आलेली योजना मे २०२५ मध्ये रद्द ठरली, जुलैत तो निकाल मागे घेण्यात आला, आणि सप्टेंबरात योजना पुन्हा वैध ठरली. अशा अनिश्चिततेत पैसे गुंतवणाऱ्याने कशाच्या भरवशावर पुढे यावे?

याचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. याच न्यायाधिकरणाकडे कंपन्यांच्या विलीनीकरणापासून भागधारकांच्या तक्रारींपर्यंत इतरही कामे आहेत. सदस्यांची नेमणूक पाच वर्षांची. विषय मुरतो न मुरतो तोच मुदत संपते. जागा रिकाम्या राहतात, पीठे अर्धा दिवस बसतात. शासकीय सेवेत इतकी वर्षे काढल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. नवा कायदा करणे हे काम त्या मानाने सोपे. त्याच्यासाठी माणूस, खोली, लिपिक आणि दफ्तर यांची तरतूद करणे हे कष्टाचे, आणि त्या कष्टाला टाळ्या मिळत नाहीत.

आणि उशिराची किंमत कोण देतो? यंत्र गंजते, कुशल कारागीर दुसरीकडे जातो, गिऱ्हाईक तुटते. संहितेने कंपनी मोडताना कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी तारणधारक धनकोंच्या बरोबरीला ठेवली, आणि भविष्य निर्वाह निधी वाटणीबाहेर सुरक्षित ठेवला. ही मोठी गोष्ट आहे. परंतु वाटायलाच काही उरले नाही, तर पंक्तीतील मानाचे पान रिकामेच राहते.

आणखी एक उणीव सांगितल्यावाचून राहवत नाही. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांहून, मालमत्ता २०,००० हून व कर्ज ३५,००० हून अधिक नाही, आणि ज्याला स्वतःचे घर नाही, अशा माणसाला कर्जातून मुक्त करून नवा आरंभ देण्याचे प्रकरण याच संहितेत आहे. ते २०१६ मध्ये लिहिले गेले, पण २०२५ उजाडले तरी लागू झाले नव्हते. पोलादाच्या कारखान्याला नवा जन्म मिळाला. कर्ज काढून हातगाडी घेणारा मात्र १९०९ आणि १९२० च्या कायद्यांच्या दारातच उभा राहिला.

व्यापारात धोका पत्करावा लागतो, आणि जिथे धोका आहे तिथे अपयशही येणारच. प्रामाणिक अपयश आणि लबाडी यांत भेद करणे, लबाडाला शासन करणे व प्रामाणिकाला पुन्हा उभे राहू देणे, ही या कायद्याची खरी कसोटी. ऑगस्ट २०२५ मध्ये संहितेच्या दुरुस्तीचे आणखी एक विधेयक लोकसभेत मांडण्यात आले. दुरुस्त्या होत राहतील, होऊ द्याव्यात. परंतु न्यायासनावर वेळेवर माणूस बसेल आणि दुबळ्या ऋणकोलाही तिथवर वाट असेल, तेव्हाच दारात दिवा लावण्याची कोणाला लाज वाटणार नाही, आणि तो विझेपर्यंत वाट पाहण्याची पाळी धनकोवर येणार नाही.