परसदारची हजेरी

इंदूरच्या जुन्या वस्तीतील एखाद्या वाड्याचे परसदार डोळ्यांपुढे आणावे. तुळशीवृंदावनामागे पेरूचे झाड, भिंतीलगत शेवगा, कोपऱ्यात कडुनिंब आणि न्हाणीचे पाणी जिरते तेथे कर्दळीची दाटी. सकाळी धान्य निवडून झाले की घरातील वृद्ध आजी सुपातील कणी अंगणात टाकते आणि चिमण्यांचा थवा तिच्यावर तुटून पडतो. वैशाखात हा थवा वीस-पंचवीसांचा असतो. आषाढ लागतो, पाऊस स्थिरावतो, आणि एका सकाळी कणी भिजत तशीच पडून राहते. आजी म्हणते, "चिमण्या गेल्या कुठे, कोण जाणे!" आश्विनात त्या पुन्हा दिसू लागतात, परंतु तोपर्यंत तो प्रश्नच घरातील सर्वांच्या विस्मृतीत गेलेला असतो.

प्रश्न मात्र विसरण्याजोगा नाही. परसदारी येणाऱ्या पाखरांची संख्या वर्षभर सारखी कधीच राहत नाही. ती ऋतूबरोबर चढते आणि ऋतूबरोबर उतरते. पण या चढउताराच्या पोटात कधीकधी दुसरीही एक उतरण लपलेली असते. ती ऋतूची नसून वर्षांची असते. पहिली भरून निघते, दुसरी निघत नाही. एका दिवसाच्या पाहण्याने या दोहोंतील भेद कळत नाही, कारण रिकामे अंगण दोन्ही वेळा सारखेच दिसते. हा भेद ओळखावयाचा कसा, हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

माळव्याच्या भूमीला असे निरीक्षण नवे नाही. कालिदासाचा मेघ दशार्ण देशावरून, म्हणजे आजच्या विदिशेच्या परिसरावरून जातो, तेव्हा तेथे काय घडते ते कवीने नेमके टिपले आहे. घरोघरच्या बलीवर जगणारी पाखरे गावच्या वृक्षांवर घरटी बांधू लागतात, आणि हंसांचा मुक्काम मात्र आता थोड्याच दिवसांचा उरतो. एकाच मेघाच्या आगमनाने एका वर्गाची पाखरे घर मांडतात आणि दुसऱ्या वर्गाची पाखरे प्रस्थान ठेवतात. परसदारच्या पाखरांचे आजही हेच दोन वर्ग पडतात: बारमाही रहिवासी आणि ऋतूचे पाहुणे.

रहिवाशांत चिमणी, कावळा, साळुंकी, बुलबुल, दयाळ, होला, शिंपी ही मंडळी येतात. पाहुण्यांत हिवाळ्याचे पाहुणे सर्वांत अधिक. आश्विनाच्या सुमारास शेपटी वरखाली हलवीत धोबी पक्षी गच्चीवर किंवा ओल्या हिरवळीवर दिसू लागतो. त्याच्या मागोमाग थिरथिरा येतो. काळा अंगरखा, पोटाकडे तांबूस रंग आणि क्षणभरही स्थिर न राहणारी शेपटी, अशी त्याची खूण आहे. त्याचे घरटे हिमालयाच्या उंच भागात किंवा त्याही पलीकडे तिबेट-मध्य आशियाकडे असते. हिवाळा मात्र तो एखाद्या पडक्या भिंतीवर सुखाने घालवितो. फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे मधासाठी झाडांवर कलकलाट करतात. चैत्र-वैशाखाच्या संधीस ते मध्य आशियातील गवताळ मुलुखाकडे निघून जातात, आणि त्यांतील काही श्रावण-भाद्रपदातच परत येतात.

याच्या उलट क्रम चातकाचा. मृगाचे ढग जमू लागले की हा काळापांढरा, शेंडीवाला पक्षी माळव्यात दिसू लागतो. उत्तर व मध्य भारतात येणारे चातक आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्यांबरोबर येतात, ही गोष्ट अनेकांस आश्चर्याची वाटेल. पावसाळा येथे काढून, आपली अंडी सातभाईंच्या घरट्यांत टाकून, ते शरदात परत फिरतात.

या प्रवासाचे ज्ञान मनुष्याला कसे झाले, या कथेचा एक धागा इंदूरच्या अगदी शेजारी सापडतो. पक्ष्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके कडे घालून त्याला सोडून द्यावयाचे, आणि तो दूरदेशी कोणास सापडला म्हणजे त्या क्रमांकावरून प्रवासाचा माग काढावयाचा, अशी ही पद्धत आहे. भारतात या कामाचा आरंभ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पुढाकाराने १९२६ च्या सुमारास झाला, आणि तो झाला धार संस्थानात, तेथील रानबदकांवर. १८८३ मध्ये मुंबईस स्थापन झालेल्या याच संस्थेचे सलीम अली यांनी पुढे मध्य भारतातील संस्थानी मुलुखात पक्ष्यांची पाहणी केली, आणि तिचा वृत्तान्त १९३९-४० मध्ये संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माळव्यातील पाखरांची हजेरी कागदावर उतरविण्याची परंपरा अशी जुनी आहे.

परंतु कागदावर उतरविण्यापूर्वी डोळ्यांची फसगत कोठे होते, ते समजून घेतले पाहिजे. अशा फसगतीची ठिकाणे मुख्यतः चार आहेत.

पहिले ठिकाण पाण्याचे. वैशाखवणव्यात विहिरी आटतात, डबकी सुकतात, आणि परसदारी ठेवलेल्या मातीच्या परळावर एरवी न दिसणारी पाखरे दाटी करतात. पाहणाऱ्यास वाटते की पाखरे वाढली. वस्तुतः ती वाढलेली नसतात. आसपासच्या मोठ्या टापूतील पाखरे एका परळाभोवती गोळा झालेली असतात. पाऊस पडताच जागोजागी पाणी होते, किडे आणि गवताचे बी मुबलक होते, पिलांच्या पोटी किड्यांचा चारा घालणे चिमणीला अधिक हिताचे ठरते, आणि आजीची कणी भिजत पडते. आषाढातील चिमण्या बहुधा नाहीशा झालेल्या नसतात. त्यांना अंगणाची गरज उरलेली नसते, इतकेच.

दुसरे ठिकाण आवाजाचे. वसंतात कोकिळ पहाटेपासून ओरडतो, ज्येष्ठात पावशा 'पेर्ते व्हा' म्हणून शेतकऱ्यास सांगतो असे मराठी मनाला वाटते. हिवाळ्यात दोघेही मुके होतात, आणि मग ते निघून गेले असे समजले जाते. त्यांतील काही खरोखर इकडेतिकडे सरकतातही. पण कित्येक त्याच आमराईत पानांआड गुपचूप बसून असतात. आवाज थांबला म्हणजे पक्षी गेला, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

तिसरे ठिकाण वेषाचे. पावसाळ्यात सुगरण नराचे डोके हळदीसारखे पिवळे असते आणि बाभळीवर लोंबणारी त्याची घरटी कोणाच्याही नजरेत भरतात. विणीचा हंगाम सरला की तो पिवळा रंग उतरतो आणि नरमादी दोघेही चिमणीच्या मादीसारखे मळकट दिसू लागतात. मग वरवर पाहणारा म्हणतो, सुगरणी गेल्या आणि चिमण्या वाढल्या! बहुतेक पाखरे विणीनंतर जुनी पिसे टाकून नवी धारण करतात. त्या दिवसांत ती उडण्यास कुचंबतात आणि झुडुपांत दबून राहतात. हजेरीतील तो खाडाही खरा खाडा नव्हे.

चौथे ठिकाण पिलांचे. विणीनंतर संख्या एकदम फुगते. पितृपंधरवड्यात काकबळीवर जी गर्दी उडते, तीत त्याच वर्षीची पोरेही असतात. पुढे थंडी, उपासमार, मांजर, शिक्रा यांच्या तडाख्यातून त्यांतील थोडीच वाचतात. पुढील विणीपर्यंत संख्या पुन्हा खाली येते. निसर्गाच्या हिशेबात ही घट धरलेलीच असते. म्हणून भाद्रपदाच्या आकड्याची तुलना माघाच्या आकड्याशी करून हळहळणे व्यर्थ आहे. भाद्रपदाची तुलना मागील भाद्रपदाशीच झाली पाहिजे.

या शेवटच्या वाक्यात सगळ्या विषयाचे सार आले आहे. महिन्याची महिन्याशी तुलना केली की ऋतू दिसतो. त्याच महिन्याची वर्षावर्षांत तुलना केली की काळ दिसतो. आणि ही दुसरी तुलना स्मरणशक्तीवर सोपविता येत नाही. मनुष्याची स्मृती मोठ्या थव्यांची आठवण ठेवते आणि रिकाम्या सकाळी विसरते. त्यामुळे गतकाळ नेहमीच भरलेला वाटतो.

चिमणीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. चिमणी देशातून नामशेष होत आहे, अशी समजूत अनेक वर्षे सर्वत्र होती. २०२० मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने निराळे चित्र दाखविले. देशाचा एकत्रित विचार करता चिमणीची संख्या पंचवीस वर्षांत जवळजवळ स्थिर राहिली होती. मात्र मुंबई, दिल्ली, कोलकाता यांसारख्या मोठ्या महानगरांत ती खरोखर घटली होती. म्हणजे भीती सर्वस्वी खोटी नव्हती आणि सर्वस्वी खरीही नव्हती. ती ठिकाणावर अवलंबून होती. पुढे २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ मुदतीचा कल ठरविता आला, त्यांपैकी सुमारे ६० टक्के जाती घटत असल्याचे दिसून आले. लोकांचे लक्ष चिमणीवर खिळलेले असताना दुसरी कित्येक पाखरे कोणाच्या नकळत विरळ होत होती.

या निष्कर्षांचा पाया कोणी घातला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ३० हजारांहून अधिक निरीक्षकांनी केलेल्या ३ कोटींवर नोंदी त्या अहवालामागे होत्या, आणि ही माणसे बहुतांशी हौशी होती. शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, निवृत्त नोकरदार यांनी आपापल्या दारापुढे पाहिलेले तारखेसह लिहून ठेवले. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसदारच्या पाखरांची जी गणना होते, तीत भारतातील निरीक्षक २०१३ पासून भाग घेत आहेत. तेथे किमान पंधरा मिनिटांचे निरीक्षण पुरते.

तेव्हा ज्याला हे काम आपल्या घरी करावयाचे असेल, त्याने फारसे साहित्य जमविण्याची गरज नाही. एक वही, एक पेन्सिल आणि पंधरा मिनिटे बसण्याची एक ठरलेली जागा एवढे पुरे. वेळही ठरलेली असावी. सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. प्रत्येक जातीची एका दृष्टिक्षेपात दिसलेली जास्तीत जास्त संख्या लिहावी. तोच बुलबुल चार वेळा आला म्हणून चार बुलबुल मांडू नयेत. पाऊस, ढग, ऊन यांची नोंद करावी आणि कोणते झाड फुलले अथवा फळले तेही टिपावे. पाण्याचे परळ वा धान्य ठेवलेले असल्यास तसे लिहावे, आणि परळाचे पाणी नित्य बदलावे. ऐकलेला पक्षी व पाहिलेला पक्षी यांची रकाने निराळी ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काही दिसले नाही त्या दिवशी शून्य लिहावयास विसरू नये. रिकामी जागा आणि शून्य यांत फार अंतर आहे: रिकामी जागा म्हणते की पाहणारा नव्हता, शून्य म्हणते की पाहणारा होता, पाखरू नव्हते.

इंदूरसारख्या शहराला अशा वह्यांची आज विशेष गरज आहे. सिरपूर तलाव आणि यशवंतसागर यांना २०२२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. २०२५ च्या जानेवारीत पाणथळ जागा जपणारे नगर म्हणून उदयपूरसह इंदूरचा गौरव झाला. तलावावरील बदके मोजण्यास जाणकार जातात. परसदारची पाखरे मोजण्यास मात्र परसदारचाच माणूस हवा. या शहरात कौलारू वाडे जाऊन सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि चिमणीला घरट्यासाठी लागणारी वळचण व भिंतीतील भोके त्यांबरोबर गेली. भोवतालच्या काळ्या जमिनीत खरिपाला ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. रस्त्यावरच्या उघड्या कचरापेट्या उठल्या आणि शहराने स्वच्छतेत देशात नाव मिळविले. यांपैकी कोणत्या बदलाने कोणत्या पाखराचे काय झाले? कावळे कमी झाले की शहराबाहेर सरकले? साळुंक्या वाढल्या काय? या प्रश्नांवर तर्क पुष्कळ लढविता येतील. उत्तर मात्र दहा-पंधरा वर्षे नेमाने लिहिलेल्या वहीतच मिळेल. वाडा जाऊन सदनिका आली तरी सज्जा उरतोच, आणि सज्जातूनही समोरच्या कडुनिंबाची हजेरी घेता येते.

त्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. घरातील एखाद्या नातवाने कणी टाकताना तिच्याशेजारी बसून चार वर्षे वही लिहिली, तर पाचव्या आषाढात तो तिला धीर देऊ शकेल, "आजी, गेल्या आषाढातही असेच झाले होते, आश्विनात येतील त्या." आणि एखाद्या आश्विनात त्या आल्याच नाहीत, तर ही गोष्ट शहरात सर्वांत आधी त्यालाच कळेल, आणि नगरपालिकेस वा शास्त्रज्ञास सांगण्यासाठी त्याच्या हाती निव्वळ हळहळीऐवजी तारीखवार आकडे असतील. आषाढातील रिकामे अंगण पाहून घाबरू नये. आश्विनातील रिकामे अंगण पाहून स्वस्थ बसू नये. यांतील कोणते अंगण आपल्यापुढे आहे, हे सांगण्याचे काम परसदारची वही करते. आणि ती वही सुरू करण्यास कोणताही महिना चालतो.