घाट चढण्याआधी

मी खोपोलीत राहतो, कविता लिहितो. संगणकातला तज्ज्ञ मुळीच नाही. तरीही आज बोलणार आहे ते प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याबद्दल. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. या नादात माझ्या सतरा कविता गेल्या, एवढाच माझा अधिकार.

घरचा डेस्कटॉप भाच्याने सुटे भाग आणून जुळवलेला. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो म्हणाला, "मामू, फुकटचा वेग मिळतोय, घेऊन टाकू." तो खोटं बोलत नव्हता. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा स्वस्त प्रोसेसर आला. हौशी मंडळींनी बसचा वेग ६६ वरून १०० केला आणि तो ४५० वर पळू लागला. जुने लोक त्याची आठवण अजून काढतात.

हिशेब सोपा आहे. मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्‌झचं आणि गुणक ४०, तर वेग ४०००. गुणक ४२ केला की ४२००. पण वेग वाढवत गेलं की कधीतरी व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. दोन्ही दहा-दहा टक्के वाढवली तर उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते.

थंडीत यंत्र झकास चाललं. मग मे महिना आला. घाटाच्या पायथ्याशी तेव्हा वाराही हलत नाही. धूर निघाला नाही, यंत्र बंद पडलं नाही. फक्त एके दिवशी कवितांची फाइल उघडेना. तिची प्रत त्याच यंत्रावर काढलेली, तीही बिघडलेली. सतरापैकी नऊ कविता आठवून पुन्हा लिहिल्या. आठ आठवल्या नाहीत. प्रोसेसर जळतो ही भीती सगळ्यांना असते. तो चालू राहून गुपचूप चुकतो, हे मला तेव्हा कळलं.

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. बोरघाटात सदतीसला एक असा चढ आहे. घाट लागल्यावर कोणी इंजिन शोधत नाही. आधी तजवीज, मग चढण. संगणकाचंही तसंच.

म्हणून दुसऱ्या खेपेला भाच्याने आधी मोठा कूलर बसवला, थर्मल पेस्ट नव्याने लावली, डबा आतून झाडला. गुणक मोकळा असलेलाच प्रोसेसर हवा. इंटेलचे नावात 'के' असलेले आणि एएमडीचे बहुतेक रायझन तसे असतात. मग बायोसमध्ये गुणक एकेकाने वाढवायचा, व्होल्टेजला शक्यतो हात लावायचा नाही आणि प्रत्येक पायरीवर चाचणी घ्यायची. प्राइम९५ नावाचा फुकट प्रोग्रॅम उत्तर ठाऊक असलेली गणितं तासन्‌तास करायला लावतो आणि एक जरी चुकलं तरी सांगतो. मेमरी मेमटेस्टने तपासायची. भर कामात तापमान ८५ अंशांच्या आत ठेवलेलं बरं. चूक दिसली की एक पायरी खाली यायचं. रात्रभराची चाचणी पार पडली तरी एकदा मे महिन्यातल्या दुपारी, पंख्याखाली नव्हे, तर यंत्राच्या नेहमीच्या जागी, ती पुन्हा घ्यायची. वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, तेही आधी वाचून ठेवावं.

व्होल्टेजशी खेळ किती महागात पडतो, ते २०२४ साली खुद्द इंटेललाच दिसलं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि झिजून अस्थिर होत होते. कंपनीने दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली; पण आधीच झिजलेले प्रोसेसर त्याने पूर्ववत झाले नाहीत.

आजचे प्रोसेसर जमेल तेवढा वेग आपणहूनच वाढवतात, त्यामुळे वर मिळणारा फायदा थोडाच. हौस असेल तर जरूर करा. पण त्या यंत्रावर पोटापाण्याचं किंवा जिवाभावाचं काही असेल, तर त्याची प्रत आधी दुसरीकडे ठेवा. माझ्या कविता आता पेन ड्राइव्हवर असतात, आणि वहीतही.