विद्युत वाहनाची बॅटरी : वेग आणि आयुष्य



मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा, मेहकर या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय व्हावी, असे उद्दिष्ट राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात आहे. विजेवरील वाहने अशी आपल्या दारी येत असताना त्यांचा सर्वांत महाग भाग, म्हणजे बॅटरी, कशी जपावी हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे कण ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. आपली काळी जमीन संथ पावसाचे पाणी मुरवून घेते. मुसळधार पाऊस मात्र वरच्या वर वाहून जातो. येथेही तसेच घडते. वीज फार वेगाने भरली की काही कण आत न मुरता पृष्ठभागावरच धातूरूपाने साचतात. तेवढी क्षमता कायमची गमावली जाते. थंडीच्या पहाटे हा धोका अधिक असतो. उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. घाटाखाली मलकापूर, शेगावकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्यातच जलद चार्जिंगची उष्णता मिळाली, की बॅटरीतील रसायने लवकर झिजतात.

म्हणून जलद चार्जिंग वर्ज्य मानावे काय? मुळीच नाही. रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाला एकेक मिनिट मोलाचे असते. लांबच्या प्रवासात ते अवश्य वापरावे. परंतु सुमारे ८० टक्क्यांवर थांबावे. त्यापुढे चार्जिंगचा वेग आपोआप मंदावतो आणि रांगेतील दुसऱ्याचाही खोळंबा होतो. रोजच्या वापरासाठी मात्र घरचे रात्रीचे संथ चार्जिंगच उत्तम. उन्हातून आलेले वाहन आधी सावलीत निवू द्यावे. बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, तसेच पूर्ण भरून दिवसेंदिवस उभी ठेवू नये. बॅटरीचे प्रकार भिन्न असतात. यास्तव उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना अखेरच्या मानाव्यात.

कर्ज काढून रिक्षा घेणाऱ्याचे हप्ते फिटण्यापूर्वीच बॅटरी थकली, तर वाचवलेला वेळ त्याला फार महाग पडेल. वेग वाटेवर वापरावा, घरी धीर धरावा, एवढीच आपणांस विनंती.