काँगोचा दौरा आणि कसारा लोकल
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिलाय, ‘आपल्या भागातील लोकप्रतिनिधींचे देशातील व परदेशातील कार्य’. घाबरू नका, मी कुणाचा प्रचार करणार नाही. उदाहरण घेतो कल्याणचे खासदार डॉ. श्रीकांत शिंदे यांचं. आपलं मत भिवंडी मतदारसंघात, हे खरं. पण मुंबईला जाताना आपली लोकल त्यांच्याच मतदारसंघातून जाते.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला अतिरेक्यांनी २६ जणांना मारलं. त्यात तिघे डोंबिवलीचे होते, एकमेकांचे नातलग. महिन्याभराने केंद्र सरकारने सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं परदेशात धाडली. त्यातलं एक शिंदे यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त अरब अमिराती, काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला गेलं. सोबत भाजपच्या बांसुरी स्वराज, बिजू जनता दलाचे सस्मित पात्रा, मुस्लिम लीगचे ई. टी. मोहम्मद बशीर. आपल्याच राज्याच्या सुप्रिया सुळे दुसरा गट घेऊन कतार, इजिप्तकडे गेल्या, त्या तर विरोधी पक्षाच्या.

तेव्हा लोक विचारायचे, अहो, काँगोला कशाला? फिरायला? प्रश्न चुकीचा नाही, पण उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पंधरा सदस्य असतात. पाच कायमचे, दहा निवडून येणारे. सिएरा लिओन त्या वेळी परिषदेत होता. काँगो आणि लायबेरिया दौऱ्यानंतर लगेच, ३ जूनला, पुढच्या दोन वर्षांसाठी निवडून आले. अतिरेकी संघटनांवर निर्बंध घालणाऱ्या समितीत हेच देश बसतात. मोठ्यांच्या घरी सगळेच जातात, या देशांचं दार आधी ठोठावलं हे मला शहाणपणाचं वाटतं.

पण त्याच परिषदेत तेव्हा पाकिस्तानही होता, आणि निर्बंध समितीत सगळ्यांची संमती लागते. म्हणजे एका दौऱ्याने काम फत्ते होत नाही. जुलैमध्ये अमेरिकेने ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला दहशतवादी संघटना ठरवलं, त्याचं श्रेय कुणी एकाच दौऱ्याच्या खात्यात घालू नये. परदेशातल्या कामाचं माप असंच, सावकाश कळणारं.

घरच्या कामाचं तसं नाही. ते रोज सकाळी फलाटावर दिसतं.

९ जूनला, दौरा संपून आठवडाच झाला असेल, मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी गाडीतून खाली पडले. माणसं गेली. त्या दोन गाड्यांपैकी एक कसाऱ्याची होती. आपली. या सोसायटीत त्या दिवशी किती घरांतून फोन फिरले असतील, तुम्हीच आठवा. मुंब्रा कल्याण मतदारसंघात येतं, आणि त्या गाडीतली बरीच माणसं भिवंडी मतदारसंघातली. मग जाब कुणी द्यायचा?

कल्याण-कसारा तिसरी मार्गिका सुमारे ६७ किलोमीटरची, वर्षानुवर्षं काम चालूच आहे. चौथी मार्गिका मंजूर झाली ती कल्याण ते आसनगाव. आसनगावच्या पुढचं स्टेशन कुठलं, ते या मंडपात सांगायला नको! तानसा-भातसाचं पाणी मुंबईला आणि आपल्या पाड्यांवर टँकर, तसंच हे. असो, पाण्यावर बोलायला बसलो तर जेवण थंड होईल.

मुद्दा एवढाच की काँगोत वेगवेगळ्या पक्षांचे खासदार एका टेबलाशी बसू शकले. भिवंडीचे खासदार सुरेश म्हात्रे राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे, कल्याणचे शिंदे शिवसेनेचे. दोघांनी मिळून रेल्वेकडे एकच पत्र द्यावं: तिसरी मार्गिका आटगावपर्यंत कोणत्या तारखेला, आणि चौथी आसनगावला का थांबते?

तशी विनंती करणारा मसुदा मी लिहून आणलाय, दोघांच्या नावे एकच. सचिवांच्या टेबलावर ठेवतो. ज्यांना पटेल त्यांनी जेवणाआधी सही करावी. विंगप्रमाणे रकाने आखलेत, आणि पेन बांधून ठेवलंय.