बाबांचं नाणं
(सोसायटीच्या छंद-मेळाव्यातील भाषण)



माझे वडील बोटीवर नोकरीला होते. अलेक्झांड्रियाहून त्यांनी एक काळपट नाणं आणलं. म्हणाले, "रोमन आहे." रोमन नाण्यावर लॅटिन असतं एवढंच मला ठाऊक, यावर तर ग्रीक अक्षरं! मी म्हटलं, "बाबा, फसवलं तुम्हाला." ते गप्प राहिले.

निवृत्तीनंतर वाचनात आलं, की रोमच्या पूर्वेकडील प्रांतांत नाण्यांवर बहुधा ग्रीकच असे. भिंग घेऊन बसलो. चेहऱ्याभोवती नाव नीरोचं. मागे डोक्यावर हत्तीचं कातडं घेतलेली स्त्री, म्हणजे अलेक्झांड्रिया नगरी. शेजारी इंग्रजी 'एल'सारखी खूण; तिचा अर्थ 'वर्ष'. पुढे आयोटा म्हणजे 10, बीटा म्हणजे 2. राजवटीचं बारावं वर्ष!

नीरो गादीवर आला इ.स. 54च्या ऑक्टोबरात. इजिप्तचं वर्ष ऑगस्टअखेर बदले, म्हणून त्याचं दुसरं वर्ष 55च्या ऑगस्टअखेरच सुरू झालं. त्या हिशेबाने बारावं वर्ष 65-66. जाणकारांनीही नाणं अस्सल ठरवलं.

हे सांगायला बाबा मात्र राहिले नव्हते.

तुमच्याकडे असं जुनं नाणं असेल तर चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात. आणि आणणारा माणूस घरात असेल, तर आधी त्याचं ऐकून घ्या.